संकटाआधीची तरतूद

सिंदखेडराजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर अशा या ७०१ किलोमीटरच्या मार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या रस्त्याचा जमाखर्च मांडताना मात्र २० ऑगस्ट २०२१ हा दिवस विसरता येणार नाही. त्या दिवशी दुसरबीडजवळ तढेगाव फाट्यानजीक महामार्गाच्या कामाचे लोखंड वाहणारा टिप्पर उलटला. त्याच वाहनात मजूरही बसले होते. त्यांपैकी १३ जणांनी प्राण गमावले.

बांधकामात लोखंड, सिमेंट आणि जमीन यांचे व्यवहार लेखी होतात. मजुराचा व्यवहार बहुधा तोंडीच राहतो. म्हणून कमावता माणूस गेला की त्याच्या कुटुंबाच्या हाती हक्काचा कागद उरत नाही. शहरात इमारत रखडली, तर घर घेणाऱ्यालाही अशीच झळ बसते : कर्जाचा हप्ता आणि घरभाडे दोन्ही चालू, घर मात्र नाही. आपल्या व्यापारी कुटुंबांचा संबंध या दोघांशीही येतो. आपल्या दुकानांतून माल बांधकामावर जातो आणि आपली बचत सदनिकांत गुंतते.

दोन्ही संकटांवर कायद्याने सुचवलेला उपाय एकाच जातीचा आहे : पैसा आधीच बाजूला काढणे. १९९६च्या कायद्यांनुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी जमा होऊ लागला. मात्र त्याचा लाभ नोंदणी झालेल्या मजुरालाच मिळतो. महाराष्ट्रात १ मे २०१७पासून लागू झालेल्या 'रेरा' व्यवस्थेत ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते आणि काम पुढे सरकेल त्या प्रमाणातच ती काढता येते.

ही रीत आपल्याला नवी नाही. जुन्या पेढ्यांच्या चोपड्यांत धर्मादायाचे खाते वेगळे असे आणि तंगीच्या दिवसांतही त्याला हात लावत नसत.

तेव्हा गोदाम बांधायला काढताना दराबरोबरच मजुरांच्या नोंदणीचीही चौकशी करावी. मालाच्या गाडीत माणसे बसवू देऊ नयेत. सदनिका घेताना प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तपासावा आणि विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. एवढी दक्षता घेतली, तर कितीतरी घरांचा आधार टिकेल.