काळ्या खिडकीतून : सोळाचे बावीस

‘ए’ म्हणजे आर्काइव्ह या खुणेबद्दल आणि बॅकअपबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते लांबणीवर टाकतो, कारण वरळीच्या बीडीडी चाळीतून आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला उशीर झाला तर विचारणारे पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतील. पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. पुढच्या टप्प्यांतल्या रहिवाशांना पात्रतेसाठी कागद लागतातच. या वाचकांनी भाडेपावत्या, रेशनकार्ड, जुनी वीजबिलं असं सगळं स्कॅन करून पेन ड्राइव्हवर ठेवलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटा काढल्या, घरी येऊन लावून पाहिलं तर प्रत्येक फोल्डरच्या जागी त्याच नावाचा एक-दोन केबीचा शॉर्टकट. दुकानदार म्हणतो, डेटा उडाला, फॉरमॅट मारा. पण त्यांच्याच पत्रात या निदानाविरुद्धचा पुरावा आहे: ‘पेन ड्राइव्ह मात्र पूर्वीइतकाच भरलेला दाखवतो.’ उडालेल्या फायली जागा अडवत नाहीत.

फायली आहेत त्याच जागी आहेत. बदललीय ती फक्त त्यांची नोंद. फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइल किंवा फोल्डरमागे ३२ बाइटची एक नोंद असते. (लांबलचक नाव ठेवलंत तर जादा नोंदी लागतात, ते आज सोडून देऊ.) पहिले ११ बाइट नावाचे आणि बारावा बाइट खुणांचा: रीड-ओन्ली म्हणजे १, हिडन म्हणजे २, सिस्टिम म्हणजे ४, फोल्डर म्हणजे १६, आर्काइव्ह म्हणजे ३२. साध्या फोल्डरच्या नोंदीत १६ असतात. शॉर्टकट बनवणारा व्हायरस, म्हणजे आपला किडा, त्यात हिडनचे २ आणि सिस्टिमचे ४ मिळवतो, झाले २२. तुमच्या भाडेपावतीच्या एकाही ठिपक्याला हात लागलेला नसतो. चाळीतल्या ८० खोल्यांच्या नोंदवहीत एका नावावर कुणी कागद चिकटवला म्हणून त्या खोलीतलं बिऱ्हाड रस्त्यावर येत नाही, तसंच हे. फॉरमॅट मारणं म्हणजे मात्र नोंदवहीच कोरी करणं.

मग माऊसनेच हिडनची टिक काढली तर? हा आक्षेप रास्त आहे, आणि किड्याने सिस्टिमचे ४ का जोडले याचं उत्तरही त्यातच आहे. हिडनसोबत सिस्टिमचीही खूण असलेली वस्तू विंडोज आपल्या घरची समजतं. लपलेल्या फायली दाखवा असं सांगितलंत तरी ती दिसत नाही. त्यासाठी सिस्टिमच्या फायली लपवण्याचा वेगळा पर्याय बंद करावा लागतो. तोही केलात आणि प्रॉपर्टीज उघडलंत, तर हिडनची चौकट करडी पडलेली, दाबली जात नाही. इथे काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडण्यावाचून गत्यंतर नाही. पेन ड्राइव्हचं अक्षर एफ धरू. कमांड अशी: अॅट्रिब -एच -एस -आर एफ:\*.* /एस /डी. एकट्या -एचने भागत नाही. सिस्टिमची खूण शिल्लक असेल तर अॅट्रिब हिडनला हात लावायला नकार देतं, म्हणून दोन्ही एकदमच काढायच्या. आणि शेवटचं /डी विसरू नका. /एस आतल्या फोल्डरांतल्या फायलींपर्यंत पोचतं, पण खुद्द फोल्डरांच्या खुणा /डी शिवाय निघत नाहीत, आणि मग माणूस म्हणतो की कमांड चालली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: याने व्हायरस जातो का? नाही. अॅट्रिब झाकलेलं उघडं करतं, झाकणाऱ्याला हाकलत नाही. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्रॅम सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११च्या अपडेटपासून जुन्या विंडोजमध्येही बंद केली. तेव्हापासून या किड्यांना कुणाचीतरी क्लिक हवी असते, आणि ती मिळवायला तुमच्याच फोल्डराच्या नावाच्या शॉर्टकटइतकं चांगलं आमिष नाही. त्यावर दोनदा टिचकी मारली की किडाही सुरू होतो आणि फोल्डरही उघडतो, त्यामुळे संशय येत नाही. तेव्हा आधी अँटिव्हायरसने कॉम्प्युटर साफ करा, मग पेन ड्राइव्ह, मग अॅट्रिब आणि शेवटी ते शॉर्टकट पुसा. हा क्रम चुकला तर पुन्हा १६चे २२.

जुने व्हायरस लपण्याच्या बाबतीत जास्त कसबी होते. १९९०मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ कुठल्या फायलीत नव्हे, डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये दडायचा आणि तो सेक्टर वाचायला जाल तर मूळची स्वच्छ प्रत पुढे करायचा. दर ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडवून बसायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप केल्याशिवाय सोडायचा नाही! त्याच्यापुढे अॅट्रिब निरुपयोगी होतं. आजच्या शॉर्टकटवाल्याचं भांडवल एवढंच की तो झाकतो आणि आपण घाबरून पुसतो.

याच वाचकांनी पुढे विचारलंय की खुणा एवढ्या कामाच्या असतील तर आपणच आपले कागद +एच लावून लपवावेत का, म्हणजे दुकानात कुणी बघणार नाही. लावा, पण ते कुलूप समजू नका. जी खूण तुम्ही एका ओळीत काढलीत ती दुकानातला पोऱ्याही काढेल. रीड-ओन्लीचं तेच: साधी डेल कमांड त्यापुढे थांबते, /एफ जोडलं की थांबत नाही. कुणी काय उघडावं याची खरी बंधनं एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत असतात, आणि ती लिहून ठेवायला फॅट३२च्या नोंदीत जागाच नाही. आधार-पॅनचे कागद पेन ड्राइव्हवरून न्यायचेच असतील तर पासवर्ड घातलेली झिप फाइल करा, तीसुद्धा तेवढ्या कामापुरत्या कागदांचीच.

‘ए’ची गोष्ट पुढच्या आठवड्यात. तोवर एक करा: हीच कमांड कुणी शेवटी -ए जोडून दिली तर ते तेवढं गाळून चालवा. फाइल बदलली आहे हे काही बॅकअप प्रोग्रॅमना त्या खुणेवरूनच कळतं. ती निघाली तर तुमच्या भाडेपावत्या दिसतील, पण त्यांची प्रत घेतली जाणार नाही.