पाच नंबरचा राहिलेला हिशेब

एप्रिल २०२५मध्ये त्या सौद्याला पंधरा वर्षं झाली. ४ एप्रिल २०१०, ईस्टरचा रविवार. संध्याकाळी बातमी आली की फिलाडेल्फिया ईगल्सने आपला क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅब वॉशिंग्टनला देऊन टाकला. वॉशिंग्टन म्हणजे आपल्याच विभागातला, वर्षातून दोनदा गाठ पडणारा वैरी. बदल्यात त्या वर्षीच्या ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) ३७वी निवड आणि पुढच्या वर्षीची आणखी एक. अकरा वर्षांच्या माणसाची किंमत एवढीच झाली.

हे लिहायचं कारण मात्र फेब्रुवारी २०२५मध्ये घडलं. ईगल्सने न्यू ऑर्लिन्समध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ असं हरवून दुसरा सुपर बोल जिंकला. त्याच्या दोन आठवडे आधी वॉशिंग्टनला ५५-२३ असं लोळवलं होतं. फिलाडेल्फियात मिरवणूक निघाली, इकडे दक्षिण जर्सीत आमच्या गल्लीतही दारोदारी हिरवे झेंडे लागले. मलाही मनापासून आनंद झाला. पण त्या दिवसांत एक वाक्य सतत कानावर पडत राहिलं, इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांतसुद्धा: मॅकनॅबला जे जन्मात जमलं नाही ते या संघाच्या क्वार्टरबॅकने, हर्ट्सने करून दाखवलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं, अधिक झोंबणारं: वॉशिंग्टनला गेल्यावर त्याची खरी लायकी उघडी पडली. पहिल्या वाक्याशी भांडण नाही, ट्रॉफी दिसतेच आहे. दुसरं वाक्य धादांत खोटं आहे, आणि ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांनी ते बोलून दाखवायला हवं.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. आक्रमणाची प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. चेंडू हातात आल्यावर दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की फेकायचा, दुसऱ्याकडे द्यायचा की स्वतः धावायचं. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात. त्याच्यापुढे उभी असलेली पाच जणांची फळी त्यांना थोपवते. ती फळी कच्ची असेल, चेंडू झेलणारे वेळेवर मोकळे होत नसतील, तर जगातला कुठलाही क्वार्टरबॅक वाईटच दिसतो. मॅकनॅबचा न्याय करताना हे साधं गणित कुणी मांडलं नाही.

ईगल्सच्या १९६०च्या विजेतेपदापासून १९९८पर्यंतच्या काळावर मी फार थांबत नाही. जानेवारी १९८१मध्ये एक सुपर बोल हरले, नंतर बऱ्या-वाईट हंगामांची रांग लागली. त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं एकच. १९६४ साली ईगल्सने सॉनी जर्गेन्सनला असंच वॉशिंग्टनला देऊन टाकलं होतं आणि तिथे खेळून तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्यामुळे २०१०च्या वसंतात वॉशिंग्टनवाल्यांना आशा वाटत होती त्यात नवल नव्हतं. त्या वाटेने एक जण सोन्याचा झालेला होता.

माझा काळ सुरू होतो १९९९ला. आदल्या हंगामात ईगल्स सोळापैकी तीन सामने जिंकले होते. अँडी रीड नावाचा, कधीच मुख्य प्रशिक्षक न झालेला माणूस आणला गेला आणि त्याने ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर सिराक्यूस विद्यापीठाचा मॅकनॅब निवडला. ड्राफ्ट चाललेल्या न्यूयॉर्कच्या सभागृहात फिलाडेल्फियाहून मुद्दाम गेलेली चाहत्यांची टोळी बसली होती. त्यांना रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा होता. बावीस वर्षांचा मुलगा नव्या संघाची टोपी घालून मंचावर आला आणि स्वतःच्याच संघाच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. हा प्रसंग इथे आजही गमतीने सांगतात. मला त्यात कधीच गंमत वाटली नाही. त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारांत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यांतल्या तिघांच्या कारकिर्दी काही वर्षांतच विरून गेल्या. रीडची निवड बरोबर होती हे दुसऱ्याच हंगामात दिसलं. २०००मध्ये ईगल्सने अकरा सामने जिंकले, आणि त्या वर्षी संघात सर्वाधिक यार्ड धावणाराही मॅकनॅबच होता.

पुढची चार वर्षं हा माझ्या इथल्या आयुष्यातला सगळ्यात जिवंत काळ. कामावर जाताना गाडीत रेडिओ, दुपारी कॅन्टीनमध्ये वाद, रविवारी एकच्या आत जेवणं उरकलेली. या देशात नवीन असलेल्या माणसाला शेजाऱ्याशी बोलायला विषय लागतो. मला तो मॅकनॅबच्या पाच नंबरच्या जर्सीने दिला. नोव्हेंबर २००२मध्ये ॲरिझोनाविरुद्ध सुरुवातीलाच त्याचा घोटा मोडला. घोट्याला पट्टी गुंडाळून तो परत आला आणि त्याने चार टचडाउन फेकले. हाड मोडलंय हे सामन्यानंतर एक्स-रेमध्ये कळलं. हा माणूस पुढे ‘दमाला कमी’ ठरवला गेला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

२००१पासून सलग चार वर्षं ईगल्स कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधी होते. पहिल्यांदा सेंट लुईसमध्ये २९-२४ हरले. दुसऱ्यांदा १९ जानेवारी २००३ला घरच्या मैदानावर, जुन्या व्हेटरन्स स्टेडियममधल्या ईगल्सच्या शेवटच्या सामन्यात, टँपा बेकडून २७-१०. टँपा बेचा रॉन्डे बार्बर मॅकनॅबने फेकलेला चेंडू मध्येच झेलून ९२ यार्ड धावत गेला तेव्हा स्टेडियममध्ये पसरलेली शांतता टीव्हीवरही ऐकू येत होती.   तिसऱ्या वर्षी कॅरोलायनाकडून १४-३. बरगड्यांना मार बसून मॅकनॅबला तो सामना सोडावा लागला. या तिन्ही वर्षांत त्याचे चेंडू झेलायला होते जेम्स थ्रॅश आणि टॉड पिंकस्टन. मेहनती माणसं, पण पहिल्या दर्जाची नव्हेत. संघाच्या व्यवस्थापनाने पैसा राखला, आणि तीन पराभवांचं बिल क्वार्टरबॅकच्या नावावर फाटलं.

त्यात सप्टेंबर २००३मध्ये रेडिओ-भाष्यकार रश लिंबॉ ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर बोलून गेला की काळा क्वार्टरबॅक यशस्वी व्हावा अशी माध्यमांची इच्छा आहे, म्हणून मॅकनॅबला जास्त भाव मिळतो. काही दिवसांत त्याला तिथून राजीनामा द्यावा लागला. मॅकनॅबने संयमाने उत्तर दिलं आणि खेळत राहिला. रंगावरून आपली पात्रता मोजली जाण्याची भीती मनात घेऊन इथे राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो संयम फार मोठा वाटला. आजही वाटतो.

२००४मध्ये अखेर टेरेल ओवेन्स आला, आणि पहिल्या दर्जाचा झेलणारा मिळाल्यावर मॅकनॅब काय करतो ते जगाने पाहिलं: ३१ टचडाउन, फक्त ८ इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेले चेंडू). एका हंगामात तीसहून जास्त टचडाउन आणि दहापेक्षा कमी इंटरसेप्शन हे त्याच्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. चौथ्या खेपेला कॉन्फरन्सचा अंतिम सामना जिंकला. सुपर बोल जॅक्सनव्हिलमध्ये झाला. न्यू इंग्लंडकडून २४-२१ असा, तीन गुणांनी हरलो. त्यात त्याचे ३५७ यार्ड आणि ३ टचडाउन होते. ३ इंटरसेप्शनही होते, आणि शेवटच्या काही मिनिटांत आक्रमण संथ पडलं होतं, हेही खरं. पण तो मैदानावर ओकला की नाही, यावरच वीस वर्षं चर्चा चालू आहे. एका मोठ्या खेळाडूच्या सगळ्यात मोठ्या सामन्यातून या शहराने उचललं ते एवढंच. ओवेन्स पुढच्या हंगामात भांडून गेला, आणि त्या भांडणातही निम्म्या गावाने बाजू घेतली ओवेन्सची.

२००५ ते २००७ दुखापतींची वर्षं. ती सोडून देऊ. २००८मध्ये बाल्टिमोरला मध्यंतरात त्याला बसवलं गेलं. चार दिवसांनी थँक्सगिव्हिंगला त्याने ॲरिझोनाला ४८-२० हरवलं आणि तिथून संघाला पाचव्यांदा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तो सामनाही गेला, ३२-२५. मग मोडतोड सुरू झाली. बचावाचा आधार ब्रायन डॉकिन्स गेला. फेब्रुवारी २०१०मध्ये रनिंग बॅक ब्रायन वेस्टब्रुकला सोडलं. आणि ईस्टरला मॅकनॅब.

तेव्हाचं वॉशिंग्टन कसं होतं? २००९मध्ये सोळात चार विजय. प्रशिक्षकाची हकालपट्टी, नवे माइक शॅनहन, आक्रमणाची सूत्रं त्यांच्या मुलाकडे, कायलकडे. बचावाची सगळी रचना बदलायला काढलेली. अल्बर्ट हेन्सवर्थ हा आदल्या वर्षी प्रचंड पैसा ओतून आणलेला बचावपटू शॅनहनशी उघड भांडत होता. फळीत ट्रेंट विल्यम्स हा नवखा पोरगा. मालक डॅनियल स्नायडर, ज्याला दरवर्षी तयार नाव विकत घ्यायची घाई. पाया खणायला काढलेल्या घरात पाहुण्याला उतरवावं तसं ते होतं. संघ नव्याने उभारायचा तर तीन-चार वर्षं लागतात आणि त्याला वाढत जाणारा तरुण क्वार्टरबॅक लागतो. तेहतीस वर्षांच्या, मार खाल्लेल्या, अकरा वर्षं एकाच प्रशिक्षकाची पद्धत अंगात मुरलेल्या माणसाला तिथे नेणं, यात त्याचंही भलं नव्हतं आणि त्यांचंही.

तरीही पहिले सात सामने पाहा. सलामीला डॅलसला हरवलं. ह्यूस्टनविरुद्ध त्याने ४२६ यार्ड फेकले, तो सामना जादा वेळेत गेला. ३ ऑक्टोबरला तो फिलाडेल्फियात परतला. ड्राफ्टला हुर्यो करणाऱ्या गावाने त्या दिवशी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि तो १७-१२ जिंकून गेला. मग ग्रीन बे, शिकागो. सातपैकी चार. आदल्या अख्ख्या वर्षाइतके विजय ऑक्टोबर संपायच्या आत झाले होते.

३१ ऑक्टोबरला डेट्रॉइटमध्ये, संघ मागे आणि दोन मिनिटंही उरलेली नसताना, शॅनहनने त्याला बाहेर बसवून रेक्स ग्रॉसमनला पाठवलं. ग्रॉसमनच्या हातून चेंडू सुटला, तो उचलून डेट्रॉइटने टचडाउन केला. आधी कारण दिलं की घाईच्या खेळातल्या खुणा ग्रॉसमनला जास्त ठाऊक आहेत. मग दिलं की दुखापतींमुळे मॅकनॅबचा सराव झालेला नाही, त्याला तेवढा दम पुरणार नाही. मोडक्या घोट्यावर सामना खेळलेल्या माणसाबद्दल हे. दोन आठवड्यांनी, १५ नोव्हेंबरला, त्याच्याशी पाच वर्षांचा ७८ दशलक्ष डॉलरचा करार जाहीर झाला. हंगाम संपल्यावर फारसं काही न देता मोकळं होण्याची वाट संघाने त्यातच ठेवलेली होती. त्याच रात्री ईगल्सने त्यांना ५९-२८ असं फाडलं. डिसेंबरात शेवटच्या तीन सामन्यांसाठी त्याला बसवलंच. तेरा सामने, १४ टचडाउन, १५ इंटरसेप्शन. हे आकडे चांगले नाहीत. त्या संघात ते कुणाचेच चांगले आले नसते.

नंतरचा इतिहास साक्षीला आहे. मॅकनॅब नंतर मिनेसोटाला गेला; तिथले सहा सामने संपले आणि त्याची कारकीर्दही. २०१२मध्ये वॉशिंग्टनने भवितव्य गहाण टाकून क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन आणला. विभाग जिंकला, आणि प्लेऑफमध्ये दुखऱ्या गुडघ्यावर त्या पोराला खेळत ठेवून त्याचा गुडघा घालवला. शॅनहन २०१३अखेर गेले. मॅकनॅबच्या आधी, जानेवारी २००६मध्ये, जिंकलेल्या प्लेऑफ सामन्यानंतर वॉशिंग्टनला पुढचा विजय मिळाला जानेवारी २०२५ला, मालक बदलल्यानंतर, जेडन डॅनियल्स हा नवखा क्वार्टरबॅक हाती आल्यावर. मॅकनॅबविना ईगल्सनाही पुढचा प्लेऑफ विजय मिळायला जानेवारी २०१८ उजाडलं. त्याच हंगामात जिंकलेल्या ईगल्सच्या पहिल्या सुपर बोलचा प्रशिक्षक होता डग पीडरसन, जो १९९९मध्ये मॅकनॅब तयार होईपर्यंत त्याच्या जागी खेळला होता. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये समोरच्या बाजूला, कॅन्सस सिटीचे प्रशिक्षक म्हणून, उभे होते अँडी रीड, तोवर तीन सुपर बोल जिंकलेले. रीडना या गावाने माफ केलं. त्यांच्या क्वार्टरबॅकला नाही.

२०१३मध्ये ईगल्सने पाच नंबर कायमचा निवृत्त केला. फेकलेले यार्ड, टचडाउन, विजय या तिन्हींत तो निवृत्त झाला तेव्हा ईगल्सच्या यादीत पहिला होता. सहा वेळा प्रो बोल, पाच वेळा कॉन्फरन्सचा अंतिम सामना. हॉल ऑफ फेमसाठी तो २०१७पासून पात्र आहे आणि अजून बाहेर आहे. मतदारांनी वॉशिंग्टनचे ते तेरा सामने शॅनहन आणि स्नायडर यांच्या खात्यावर टाकावेत आणि फिलाडेल्फियाची अकरा वर्षं मोजावीत. डॉनोव्हन मॅकनॅब तिथे असायलाच हवा.