घोड्यांच्या वाटेने सायकल

मे १७८७. फ्रान्समधले अमेरिकेचे राजदूत थॉमस जेफरसन यांनी आपल्या बग्गीची चाकं काढायला लावली, बिनचाकांची बग्गी एका हलक्या बोटीवर चढवली आणि तिच्यात बसून दक्षिण फ्रान्सच्या कालव्यातून तुलूझच्या दिशेने निघाले. बोट ओढायला काठावर घोडा. बसून कंटाळा आला की जेफरसन उतरायचे, बोटीच्या बरोबरीने काठावरून चालायचे आणि वाटलं की पुन्हा बग्गीत येऊन बसायचे. वर निरभ्र आकाश, खाली नितळ पाणी आणि दोन्ही काठांवर गाणारे नाइटिंगेल पक्षी, असं वर्णन त्यांनी मुलीला पत्रातून कळवलं.

त्या कालव्याचं नाव कनाल द्यु मिदी. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटर. आज तिथे बार्ज आणि सायकल यांची मिळून जी सुट्टी घेता येते, तिचा साचा जेफरसन यांच्या प्रवासाहून फारसा वेगळा नाही. बार्ज म्हणजे एके काळी माल वाहणारी रुंद, सपाट बुडाची बोट. तिच्या पोटात आता छोट्या केबिन, वर जेवणाची जागा आणि डेकवर ओळीने लावलेल्या सायकली. सकाळी नाश्ता झाला की ज्याला हवं त्याने सायकल उतरवायची आणि काठाने निघायचं. दिवसभरात तीस-चाळीस किलोमीटर. मध्ये एखादं गाव, एखादा बाजार, द्राक्षमळ्याच्या कडेला डबा. संध्याकाळी पुढच्या मुक्कामी बार्ज उभीच असते. मुक्काम रोज बदलतो, खोली मात्र तीच राहते. बॅग एकदाच उघडायची. ज्यांनी पाठीवर सामान लादून सायकल मारली आहे, त्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

या सुट्टीतली खरी नवलाची गोष्ट मात्र डोळ्यांना दिसत नाही, ती मांड्यांना कळते. वाटेत चढ जवळजवळ कुठेच लागत नाही. आणि तरीही ही वाट एक अख्खी जलविभाजक रेषा ओलांडते! सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचा एक थेंब अरबी समुद्राकडे जातो आणि हातभर अंतरावरचा दुसरा बंगालच्या उपसागराकडे, तशीच ही रेषा. तुलूझच्या बाजूचं पाणी गॅरोन नदीतून अटलांटिक महासागराला मिळतं, पलीकडचं भूमध्य समुद्राला. रेषेवरचा सर्वांत सखल बिंदू नोरूझ, उंची १८९ मीटर. तुलूझपासून तिथवर सुमारे ५२ किलोमीटरांत चढायचं असतं साठ मीटरांहूनही कमी. तिथून समुद्रापर्यंत १८८ किलोमीटरांच्या आसपास, आणि उतरायचं १८९ मीटर. म्हणजे किलोमीटरला मीटरभर! सायकलवाल्याला हा उतार जाणवतसुद्धा नाही. पाण्याला मात्र मिलिमीटरही जाणवतो, आणि म्हणूनच कालवा खणणं हे सपाटीचं अत्यंत काटेकोर काम असतं.

महासागर आणि भूमध्य समुद्र जोडावेत ही इच्छा जुनीच होती. स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जायचं तर सुमारे तीन हजार किलोमीटरचा फेरा आणि चाच्यांची भीती. पण प्रत्येक योजना एकाच प्रश्नावर येऊन अडायची. कालवा दोन्ही बाजूंना उतरतो, मग माथ्यावर पाणी कुठून आणायचं? माथा म्हणजे तर अशी जागा, जिथून पाणी निघून जातं.

हे कोडं सोडवलं पिएर-पॉल रिके या माणसाने. तो ना इंजिनिअर, ना वास्तुकार. तो राजासाठी मिठावरचा कर गोळा करणारा ठेकेदार. पन्नाशी उलटल्यावर, १६६२ मध्ये, त्याने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहून आपली योजना कळवली. नोरूझच्या ईशान्येला मोंतान्य न्वार, म्हणजे काळा डोंगर, आहे. तिथे पाऊस भरपूर. त्या डोंगरातले ओढे चरांनी वळवून, अनेक किलोमीटर अलगद उताराने आणून नोरूझला सोडायचे, अशी ती योजना. सरकारी समितीला हे पटेना, म्हणून १६६५ मध्ये रिकेने नमुन्यादाखल एक अरुंद चर खणून दाखवला. पाणी नोरूझला पोचलं. पुढच्या वर्षी राजाज्ञा निघाली.

उन्हाळ्यात डोंगरातले ओढे आटतात, तेव्हाची सोय म्हणून सां-फेरेओल इथे धरण बांधलं. काम १६६७ ते १६७२. साठ लाख घनमीटरांहून जास्त पाणी मावणारा हा जलाशय त्या काळच्या युरोपात थक्क करणारा होता. जेफरसन यांनीही वाकडी वाट करून मुद्दाम घोड्यावरून जाऊन तो पाहिला. मला विचाराल तर आजच्या सायकलवाल्यानेही निदान त्या पाण्याच्या चराकाठी एखादा दिवस काढावा. नोरूझला झाडीतून येणारा तो साधासा चर पाहिल्यावर कळतं, की दोन्ही दिशांना जाणारी प्रत्येक बार्ज कोणाच्या जिवावर तरंगते आहे.

बार्जला पाणी किती लागतं, हे लॉकजवळ उभं राहिलं की उमगतं. लॉक म्हणजे कालव्यातली पाण्याची पायरी. दगडी बांधणीचा हौद, दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे. बार्ज उतरणार असेल तर भरलेल्या हौदात शिरते, मागचं दार बंद होतं, पुढच्या दारातल्या झडपा उघडतात, पाणी खालच्या अंगाला निघून जातं आणि बार्ज आपल्या डोळ्यांदेखत दोन-तीन मीटर खाली जाते. मग पुढचं दार उघडतं. दारांच्या जोडीचा कोन वरच्या पाण्याच्या दिशेने असतो, त्यामुळे पाणी जितकं रेटतं तितकी दारं घट्ट मिटतात. झडपा-दारं हलवायला पूर्वी हात होते, आता यंत्रं आहेत. पण कित्येक टनांची बोट उचलायचं काम तेव्हाही गुरुत्वाकर्षणच करत होतं, आजही तेच करतं. अशा प्रत्येक खेपेला काही लाख लिटर पाणी एक पायरी खाली जातं, आणि माथ्याजवळच्या पायऱ्यांवर ते नोरूझहून आलेलं असतं.

या कालव्याचे लॉक आणखी एका गोष्टीसाठी नीट पाहावेत. त्यांतले बहुतेक चौकोनी नाहीत, लंबगोल आहेत. सुरुवातीला रिकेने सरळ भिंतींचा लॉक बांधला, तो ओल्या मातीच्या दाबाने ढासळला. मग त्याने भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला. कमान आडवी करून जमिनीत निजवली, असं समजा. माती जितकी दाबेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. साडेतीनशे वर्षांनंतर त्या भिंती उभ्या आहेत. त्यांच्या बाकामुळे एका वेळी दोन-तीन लहान बोटी शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात, हा वरचा फायदा.

लॉकमुळेच बार्ज आणि सायकल यांची जोडी जमते. कालव्यात वेगाची मर्यादा ताशी आठ किलोमीटर. लॉकचा वेळ धरला तर सरासरी आणखी खाली. सायकलवाला रमत-गमत गेला तरी पुढे निघून जातो, एखाद्या गावात कॉफी पिऊन परततो आणि पुढच्या लॉकवर आपलीच बार्ज खाली उतरताना पाहतो. दमलात तर तिथेच सायकल वर द्या आणि डेकवर बसा. पाय मोकळे करायचेत तर पुढच्या लॉकवर उतरा. आणि काठाची ही वाट मुळात घोड्यांसाठी राखलेली. रस्त्यावर घोडा जेवढं ओढतो त्याच्या वीसपटीहून जास्त ओझं तो पाण्यावरून ओढतो, पण त्यासाठी दोर कशात अडकता कामा नये. म्हणून वाट पाण्याला लगटून आणि सलग. घोडे गेले, रेल्वे आली, मालवाहतूक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपली आणि रिकामी झालेली वाट सायकलींना मिळाली. तुलूझपासून पहिले सुमारे पन्नास किलोमीटर ती डांबरी आहे. पुढे बराच भाग खडीचा, मातीचा आणि मुळांनी उचललेला, तेव्हा टायर जरा जाडच हवेत.

कालवा खणायला एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं कामाला होती. रिके त्यांना महिन्याचा पगार देई. रविवार, सणवार, पावसामुळे बुडालेले दिवस आणि आजारपणही त्यात धरलेलं असे. सतराव्या शतकातल्या मजुराला हे स्वप्नासारखं होतं. त्या माणसांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या. चंद्रा मुकर्जी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी कालव्याची जुनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं, की पिरेनीज पर्वताकडून आलेल्या या बायका नुसती माती वाहत नव्हत्या. डोंगरउतारावरून पाणी कसं न्यायचं, कुठे वळवायचं, हे त्यांच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्ञान होतं आणि ते या कालव्यात उतरलं. बेझिएजवळच्या फोनसेरान इथे लंबगोल हौदांची एक अख्खी शिडी उतारावर उतरते, साडेएकवीस मीटरांची. तिच्या बांधकामातही बायकांचे हात मोठे. आज तिथे पर्यटकांची गर्दी असते, फोटो निघतात. त्या बायकांची आठवण काढणारं मात्र फारसं कोणी भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

फोनसेरानच्या अलीकडे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा टेकड्यांच्या कडेकडेने, उंची न सोडता, नागमोडी वळत जातो. सरळ रेषेत जी दोन गावं जवळ, ती कालव्याने लांब. सायकलवाल्यांनी इथे घाई करूच नये. ल सोमाई या गावात दगडी कमानीच्या पुलाखाली थांबावं. एके काळी घोड्यांनी ओढलेल्या प्रवासी बोटी इथे रात्रीच्या मुक्कामाला असत. कापेस्तांचा पूल इतका बुटका की बार्जवाले सुकाणूवरचं छप्परही उतरवून ठेवतात आणि डेकवरचे सगळे डोकी खाली घालतात.

मग येतं मालपा. समोर आँसेरूनची टेकडी आडवी. खडक ठिसूळ, काम थांबवायची वेळ आलेली. १६७९ मध्ये रिकेने तिच्यातून सुमारे १६५ मीटरांचा बोगदा आरपार काढला. कालव्यासाठी खणलेला हा युरोपातला पहिला बोगदा. बार्ज त्यातून अंधारात सरकते, सायकलवाले टेकडीवरून जातात, आणि या एका ठिकाणी सायकलवाल्यांचा फायदा जास्त. कारण बोगद्याच्या खाली, त्याच टेकडीतून, एकोणिसाव्या शतकातला रेल्वेचा बोगदा जातो. त्याच्याही खाली तेराव्या शतकातला एक चर आहे, शेजारच्या मोंतादीच्या दलदलीचं पाणी काढून न्यायला खणलेला. टेकडीवर चढून पाहिलं की ती दलदल दिसते. आता तिथे शेतं आहेत, मधल्या एका बिंदूकडे निमुळती होत जाणारी, प्रचंड चाकाच्या आऱ्यांसारखी आखलेली. एका टेकडीच्या पोटात तीन काळ, आणि तिघांचीही धडपड पाण्याशी किंवा प्रवासाशी.

या कालव्याच्या फोटोंत दोन्ही काठांवर उंच झाडांची कमान असते. ती प्लेनची झाडं. काश्मीरचा चिनार आणि अमेरिकेतला सिकॅमोर यांचा हा संकर. एकोणिसाव्या शतकात ती मोठ्या संख्येने लावली गेली आणि पुढे त्यांची संख्या सुमारे ४२ हजारांवर गेली. २००६ मध्ये त्यांना एक बुरशी लागल्याचं आढळलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ती मार्सेच्या बंदरात उतरली असं मानलं जातं. सिकॅमोर तिला बऱ्यापैकी पुरून उरतो, हा संकर उरत नाही. बुरशी पाण्यातून, मुळांतून आणि खोडाला बांधलेल्या बोटींच्या दोरांतून पसरते. उपाय एकच, लागण झालेलं झाड आणि त्याच्या आसपासची झाडं तोडून जाळणं. निम्म्याहून जास्त झाडं अशी गेली. त्या जागी आता वेगवेगळ्या जातींची रोपं लावतात, म्हणजे पुन्हा एकाच रोगाने सगळं जाऊ नये. त्या रोपांची सावली पडायला अवधी आहे, म्हणून मे-जून किंवा सप्टेंबर गाठावा. ऐन उन्हाळ्यात उघड्या काठावर ऊन भाजून काढतं, आणि हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद असतात.

दिशा निवडायची झाली तर तुलूझकडून समुद्राकडे. सेर्स नावाचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तो पाठीशी राहतो. वाटेत कास्तेलनोदारीला कासुले खावं. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत बदकाचं आणि डुकराचं मांस घालून तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेला हा पदार्थ सायकल बाजूला ठेवल्यावरच खायचा. शाकाहारी असाल तर बार्जवरच्या आचाऱ्याला आधी कळवा.

शेवटच्या टप्प्यावर व्हियासजवळ लिब्रों ही छोटी नदी कालव्याला छेदते, आणि तीही जवळजवळ त्याच पातळीवर. पूल बांधायला उंची नाही, खालून न्यायला खोली नाही. १८५५ च्या सुमारास इथे रुळांवर सरकणाऱ्या लोखंडी पन्हळी बसवल्या. पूर आला की त्या कालव्यावर आडव्या आणायच्या आणि पुराचं पाणी कालव्याच्या डोक्यावरून समुद्राकडे जाऊ द्यायचं. सायकल टेकवून ही यंत्रणा निरखावी अशीच आहे.

रिकेने मात्र कालवा पूर्ण झालेला पाहिला नाही. ऑक्टोबर १६८० मध्ये तो गेला. कालवा खुला झाला मे १६८१ मध्ये. त्याने स्वतःचा पैसा ओतून वर काढलेलं कर्ज वारसांना पुढे १७२४ पर्यंत फेडावं लागलं. कालवा जिथे संपतो त्या ऑंग्लूला एक छोटं दीपगृह आहे. पुढे बार्जला खाजण ओलांडावं लागतं आणि वारा जोराचा असेल तर थांबावं लागतं. सायकलवाल्यांना थांबायचं कारण नाही. मार्सेयां गावाच्या किनाऱ्यावरून, एका हाताला खाजण आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून, सायकलींची वाट थेट सेत बंदरात जाते. तिथे बार्ज येईपर्यंत खाजणातली ताजी कालवं खायला भरपूर वेळ मिळतो.