मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज: समज किती, सत्य किती?

वाळूज औद्योगिक वसाहतीत कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने बजाजनगर वाढलं. जालना, बीड, परभणीपासून खानदेश, विदर्भ, बिहारपर्यंतची माणसं इथे भाड्याच्या खोल्यांत राहून पाळ्यांत कामाला जातात. ‘अनोळखी माणूस दिसला तर सावध व्हा, मुलं पळवणारी टोळी आली आहे’ हा मेसेज म्हणूनच इथे फार धोक्याचा. या वस्तीत प्रत्येक जण कुणाच्या तरी नजरेत अनोळखी आहे. या अफवेला बळ देणारे काही समज एकदा तपासून पाहू.

गैरसमज: व्हिडिओ आहे, म्हणजे घडलेलंच असणार.
वस्तुस्थिती: २०१८ मध्ये देशभर एक व्हिडिओ फिरला. मोटरसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढंच त्यात दिसायचं. मूळ चित्रफीत होती पाकिस्तानातल्या कराचीची. एका संस्थेने ती पालकांच्या जागृतीसाठी बनवली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. नेमका हाच शेवट कापून बाकीचा भाग ‘आपल्या भागात घडलेलं’ म्हणून पसरवला गेला. चित्र खरं असलं तरी त्याचं ठिकाण, तारीख आणि अर्थ खोटा असू शकतो.

गैरसमज: असले प्रकार कुठेतरी लांब घडतात.
वस्तुस्थिती: जून २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या चांडगावात, चोर समजून जमावाने केलेल्या मारहाणीत दोघांचा जीव गेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. त्यांना कोंडून मारलं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. पोट भरायला गाव सोडून आलेली ही माणसं होती. बजाजनगरने त्यांच्यात स्वतःला पाहायला हवं.

गैरसमज: काळजीपोटी पुढे पाठवलं, त्यात काय बिघडलं?
वस्तुस्थिती: अफवा चालते ती याच काळजीवर. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा माग काढून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती आणि हा वेग स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, माणसांमुळे होता. कायदाही फक्त अफवा रचणाऱ्यापुरता नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ नुसार लोकांत घबराट किंवा तेढ पसरवण्याच्या हेतूने खोटी माहिती फिरवणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

गैरसमज: जबाबदारी ग्रुप अॅडमिनची, नाहीतर कंपनीची.
वस्तुस्थिती: दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पण मेसेजवर कुलूपबंद सुरक्षा असल्याने आतला मजकूर कंपनीला वाचता येत नाही. तो वाचतो आपण, आणि पुढे पाठवायचा की नाही हेही आपणच ठरवतो. अॅडमिनला खोटा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकता येतो. ते त्याने करावंच, पण पहिला अडसर आपला असावा.

गैरसमज: खरं-खोटं ओळखायला तज्ज्ञ लागतो.
वस्तुस्थिती: बहुतेक अफवा साध्या प्रश्नांपुढे टिकत नाहीत. गाव कोणतं? तारीख कोणती? कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद? ‘आपल्या एरियात’, ‘काल रात्री’ एवढंच लिहिलं असेल तर थांबा. मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा अधिक हातांतून आला आहे. व्हिडिओतल्या दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, बोलली जाणारी भाषा पाहा. एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्सवर टाकला, तर जुना व्हिडिओ अनेकदा सापडतो.

खरंच संशय आला तर ११२ वर फोन करा. मूल संकटात असेल तर १०९८ आहे. त्या माणसाला घेरू नका, त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका. घरातल्या थोरांनी असा मेसेज पाठवला असेल, तर चारचौघांत न खोडता त्यांना वेगळा फोन करून सांगा: “काका, हा व्हिडिओ जुना आहे, तेवढा काढून टाका.” आणि खोटं आपल्याच हातून गेलं असेल, तर ते फक्त डिलीट करून भागत नाही. ज्या ज्या ग्रुपवर पाठवलं, तिथे तिथे ‘ती बातमी खोटी होती’ हेही लिहा. ज्यांनी ती वाचली, त्यांच्यापर्यंत खरं पोहोचवण्याचं कामही आपलंच आहे.