चाकावरचा थर

शिक्रापूरला एन्काईच्या कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमची चाकं ओतली जातात, तर चाकणजवळ कल्याणी मॅक्सियन पोलादी चाकं घडवते. 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे आणि चाकांच्या चाचण्या तिथे होतात. चाक यंत्रावर बसवून सतत वाकवत फिरवायचं, भाराखाली पळवायचं, वरून वजन आदळायचं आणि तडा जातो का ते पाहायचं. चाकाबद्दल एवढं जाणणाऱ्या या शहरात गाडीमालकाला त्याच्या चाकावर कोणता थर आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. हा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा असतो आणि पुढची दहा वर्षं चाक कसं दिसेल ते त्याच्यावरच ठरतं.

पोलादी चाकाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘डिस्क’ची गोष्ट सरळ आहे. फॉस्फेटची प्रक्रिया झालेलं चाक रंगाच्या टाकीत बुडवतात आणि त्यातून वीज सोडतात. रंग कानाकोपऱ्यात ओढला जातो आणि काळा, चिवट थर बसतो. दगड लागून तो उडाला की तिथे गंज धरतो. पॉलिश पेपरने घासून, प्रायमर लावून काळा स्प्रे मारला की काम झालं. रोज सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जाणाऱ्याने डिस्कला कमी लेखू नये. ती वाकली तरी बहुतेकदा सरळ करता येते.

अलॉय चाकाला, जुन्या मंडळींच्या ‘मॅगव्हील’ला, लाल गंज चढत नाही आणि तिथेच फसायला होतं. अ‍ॅल्युमिनियमही झिजतं, फक्त पांढरं पडून. शिवाय ब्रेक दाबला की ब्रेकचे पॅड आणि ब्रेकच्याच डिस्कमधून लोखंडाची तापलेली पूड उडते, चाकावर बसते आणि पावसाच्या पाण्यात तिथेच गंजते. ते तपकिरी ठिपके त्या पुडीचे असतात. तांबट आळीतल्या भांड्याला कल्हई जे काम करते तेच इथे लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, करतं. आतला धातू आणि बाहेरचं जग यांची गाठ पडू द्यायची नाही.

शोरूममध्ये सगळ्यात जास्त नजर खेचतं ते डायमंड कट चाक. आधी पूर्ण चाक रंगवतात, मग लेथवर चढवून दर्शनी भागावरचा रंग आणि धातूचा बारीकसा पापुद्रा कातून काढतात. उघडं पडलेलं चकचकीत अ‍ॅल्युमिनियम आणि खाचांतला काळा रंग, दोन्ही मिळून फार देखणे दिसतात. पण त्या चकचकीत भागाला सांभाळायला उरतो तो फक्त पारदर्शक लॅकरचा थर. पार्किंगमध्ये फुटपाथच्या कडेला चाक घासलं, बॅलन्सिंगवाल्याने शिशाची क्लिप कडेवर ठोकली, की लॅकरला चीर पडते. तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या, वळवळत गेलेल्या रेघा उमटतात. गणपतीला आणि शिमग्याला कोकणात जाणाऱ्या गाड्यांवर हे लवकर दिसतं, कारण खारी हवा या कामाला भलताच हातभार लावते. उपाय म्हणजे चाक पुन्हा कातणं, पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे हे एक-दोनदाच करता येतं. नवी गाडी घेताना हे कुणी सांगत नाही, याची मला खरोखर चीड येते.

म्हणून ज्यांना गाडी वापरायची आहे त्यांच्यासाठी माझं मत पावडर कोटिंगच्या बाजूने आहे. पुण्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही. भोसरी एमआयडीसीत कारखान्यांच्या सुट्या भागांना पावडर लावणाऱ्या शेड आहेत आणि हीच पद्धत चाकालाही चालते. टायर, व्हॉल्व्ह, शिसं काढून चाक उघडं करतात. जुना रंग रसायनाने किंवा बारीक कणांच्या माऱ्याने उतरवतात. या टप्प्यावर मालकाने जरूर हजर राहावं, कारण रंगाखाली लपलेला तडा इथेच दिसतो. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून, रंगवून परत वापरायला घेऊ नये. ते भंगारातच जावं.

चाक धुऊन वाळवल्यावर चांगला कारागीर ते आधी रिकामंच भट्टीत फिरवतो. ओतीव धातूच्या छिद्रांत अडकलेली हवा आणि तेल तेव्हाच बाहेर पडतात. हा टप्पा गाळला तर नंतर थरावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मग हुकला टांगलेल्या चाकावर बंदुकीतून कोरडी पावडर मारतात. पावडरीच्या कणांना विजेचा भार दिलेला असतो आणि चाक अर्थिंगला जोडलेलं असतं, त्यामुळे कण आरीच्या मागच्या बाजूलाही वळून चिकटतात. या अवस्थेत बोट लावलं तर पावडर पुसली जाते. पण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-वीस मिनिटं राहिली की ती वितळते, पसरते आणि आतल्या आत जोडली जाऊन टणक होते.

भट्टीचं तापमान हा या कामातला नाजूक मुद्दा आहे. अलॉय चाकाची ताकद कारखान्यातच उष्णतेच्या प्रक्रियेने आणलेली असते. तिचा शेवटचा टप्पा साधारण दीडशे अंशांच्या आसपास, काही तास चालतो. त्याहून बरंच जास्त तापमान दीर्घकाळ दिलं तर धातू मऊ पडतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

क्रोमबद्दल थोडक्यात: खाली निकेल, वर क्रोम, सुरेख चमक, आणि एकदा पापुद्रा सुटला की घरी दुरुस्ती नाही. मी घेणार नाही.

आता निगा. चाकाचा खरा शत्रू बहुतेकदा आपल्याच सोसायटीत असतो: एक बादली, एक फडकं, आधी टायर आणि मग बॉनेट. सकाळी गाड्या पुसणाऱ्या काकांना दोष देऊ नका. त्यांना चाकांसाठी वेगळी बादली, वेगळं फडकं आणि मऊ ब्रश आणून द्या. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी चाकावर वाळू दिलं की क्षाराचे पांढरे डाग बसतात, म्हणून लगेच कोरडं पुसायला सांगा. ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरून आल्यावर तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, शाम्पू तर नकोच. चाक हाताला गार लागलं की मग धुवा. ब्रेकची पूड हट्टी असेल तर लोखंड विरघळवणारं क्लीनर मिळतं. ते जांभळं होतं आणि त्याला उग्र वास येतो. दोन-तीन मिनिटांत, वाळायच्या आत, भरपूर पाण्याने धुऊन टाका. काही ठिकाणी चाकं झटपट चकचकीत करायला बाथरूमचं अ‍ॅसिड वापरतात. ते लॅकर खातं, ब्रेकच्या भागांवर उडतं आणि उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर कायमचा पांढुरका डाग पाडतं. तिथून गाडी बाहेर काढा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी धुताना चाकांवर मेणाचा हात फिरवला तर पुढे काही आठवडे पूड नुसत्या पाण्याने निघते. हे वर्षातून चार वेळा केलं तरी पुष्कळ.

शेवटचं, पण जिवाशी गाठ असलेलं. पावडरचा थर जाड असतो. नट जिथे बसतो ती जागा आणि चाकाची हबला टेकणारी बाजू टेप किंवा बूच लावून कोरी ठेवावी लागते. तिथे थर राहिला तर तो गाडी पळताना चेपतो आणि घट्ट आवळलेला नट सैल होतो. चाकं बसवल्यावर पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने नट आवळून घ्या आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासा. चाकं रंगवायला द्यायच्या आधी कारागिराला दोनच प्रश्न विचारा: भट्टी किती अंशांवर, किती वेळ? नटाची जागा झाकणार ना? उत्तर नीट मिळालं नाही, तर चाकं गाडीत टाका आणि पुढच्या शेडमध्ये चौकशी करा.