वाचकांनी घडवलेले राक्षस

‘व्हाइट ड्वार्फ’ हे फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळांचं ब्रिटिश नियतकालिक १९७७ साली निघालं, तेव्हा ते द्वैमासिक होतं. संपादक इयान लिव्हिंगस्टन. त्यातलं माझं सर्वांत लाडकं सदर म्हणजे ‘फीन्ड फॅक्टरी’. वाचकांनी रचलेले राक्षस त्यात छापून येत, तेही चिलखताच्या नि प्राणशक्तीच्या आकड्यांसकट, म्हणजे वाचून लगेच खेळात उतरवता येतील असे. किशोरवयीन चार्ल्स स्ट्रॉसचे पिवळट कातडीचे, तलवारबाज ‘गिथयांकी’ याच पानांतून आले. ‘फीन्ड फोलिओ’ (१९८१) या राक्षसकोशाच्या मुखपृष्ठावर तेच झळकले. ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३च्या व्हिडिओ गेममधली लेझेल त्यांच्याच कुळातली. स्ट्रॉस पुढे नामवंत विज्ञानकथाकार झाले. सदर सांभाळणाऱ्या डॉन टर्नबुल यांनीच फोलिओचंही संपादन केलं.