पाण्यावरची रेघ

कबड्डीच्या मैदानावर चुन्याची रेघ मारलेली असते. पाय रेघेबाहेर गेला की पंच शिट्टी वाजवतो आणि गडी बाद! कुणी कुरकुर करत नाही, कारण रेघ सगळ्यांना दिसते. आता समजा, रेघ मारलेलीच नाही. दोन्ही संघांच्या डोक्यात आपापली वेगळी रेघ आहे. रात्रीची वेळ, वारा सुटलेला आणि पायाखालची जमीन सारखी हलते आहे. अशा वेळी पाय बाहेर पडला, तर चूक कुणाची? आणि शिक्षा किती?

हे काही नुसतं कोडं नाही. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या कितीतरी घरांना या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं वाट बघून द्यावं लागलं आहे. या घरातला बाबा, काका किंवा मोठा भाऊ मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि थेट कराचीच्या तुरुंगात पोचला.

'घुसखोर' हा शब्द तुम्ही बातम्यांमध्ये ऐकता. परवानगीशिवाय दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरणारा तो घुसखोर. हा शब्द ऐकला की आपल्या मनात नेहमी दुसराच कुणीतरी येतो. पण चिकूच्या वाड्या आणि वारली चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या डहाणूतल्या साध्या माणसांवरही पलीकडच्या देशात हाच आरोप ठेवला जातो. म्हणून हा प्रश्न जरा नीट समजून घेऊ या.

एक सीमा अशी, एक सीमा तशी

डहाणू–तलासरीच्या लोकांना सीमा नवी नाही. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, महाराष्ट्र आणि गुजरात. सीमेची रेघ इथूनच गेली. तलासरी तालुक्यातली झाई महाराष्ट्रात राहिली आणि शेजारचं उंबरगाव गुजरातेत गेलं. पण त्यामुळे कुणाचं काही अडलं का? मुळीच नाही. अलीकडची मुलगी पलीकडे नांदते, पलीकडचा भाऊ अलीकडे बाजाराला येतो. सकाळी कामाला गुजरातेत, संध्याकाळी जेवायला महाराष्ट्रात! पाटी वाचली नाही तर राज्य बदललं हे कळणारही नाही.

दुसरी सीमा मात्र फार वेगळी. ती डहाणूपासून खूप दूर, कच्छच्या पुढे समुद्रात आहे. तिथे पाटी नाही, कुंपण नाही, खांबही नाही. पण ती ओलांडली तर बंदुकीशी गाठ पडते.

तिथवर कशाला जायचं?

डहाणू–तलासरीच्या आतल्या पाड्यांमध्ये भाताची शेती पावसावर होते. पीक घरात आलं की पुढचे महिने हाताला काम हवं. मग कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बांधकामावर, तर कुणी बोटीवर. गुजरातच्या वेरावळ, पोरबंदर, ओखा या बंदरांतल्या बोटींना खलाशी लागतात. बोटीचा मालक, म्हणजे शेठ, काही पैसे आधी देतो. त्याला 'उचल' म्हणतात. उचल घेतली की हंगामभर बोट सोडायची नाही.

लक्षात घ्या, बोट शेठची असते. ती कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो. खलाशी जाळं टाकतो, ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो. आपण कोणत्या अक्षांश–रेखांशावर आहोत हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगतही नाही.

आणि बोटी सीमेकडे का सरकतात? मासळी तिकडे आहे म्हणून! सिंधू नदी समुद्राला मिळते तिथे गाळाबरोबर भरपूर अन्नद्रव्यं येतात. त्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर कोळंबी आणि छोटे मासे, त्यांच्यावर मोठे मासे. याउलट किनाऱ्याजवळची मासळी अतिमासेमारीनं आणि प्रदूषणानं घटत चालली आहे. डिझेल आणि बर्फाचा खर्च तर भरून निघायला हवा. मग बोट आणखी थोडी पुढे, आणखी थोडी पुढे...

पण रेघ आहे तरी कुठे?

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायची, पण हसू येणारी नव्हे. भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली समुद्रातली सीमा अजून दोघांनी मिळून ठरवलेलीच नाही!

कच्छच्या दलदलीत 'सर क्रीक' नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची खाडी आहे. पाकिस्तान म्हणतो, अख्खी खाडी सिंधची, सीमा पूर्वेच्या काठावर. त्यासाठी तो १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा आधार घेतो. भारत म्हणतो, सीमा खाडीच्या मधल्या प्रवाहातून जाते. खाडीच्या मुखापासून पुढे समुद्रातली रेघ ओढायची, तर ती सुरू कुठून करायची यावरच एकमत नाही. सुरुवात थोडी सरकली की पुढे समुद्रात केवढा तरी पट्टा इकडचा तिकडे होतो.

आपल्याकडे म्हणतात, पाण्यावर मारलेली रेघ टिकत नाही. पण खलाशासाठी हीच रेघ काळ्या दगडावरची ठरते.

पकडल्यावर काय होतं?

पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाची गस्ती नौका येते. बोट जप्त होते. खलाशांना कराचीला नेतात, खटला चालतो आणि मलीरच्या तुरुंगात रवानगी होते. शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. पण शिक्षा संपली म्हणजे सुटका झाली, असं नाही!

सुटकेआधी तो माणूस खरोखर भारतीय आहे हे सिद्ध व्हावं लागतं. भारताच्या वकिलातीचे अधिकारी कैद्याला भेटतात. त्यानं सांगितलेलं नाव, गाव, पाडा दिल्लीला कळवतात. दिल्लीहून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, तिथून पोलीस ठाण्याला कागद येतो. मग पोलीस पाड्यावर जाऊन विचारतात, 'हा तुमचाच का?' त्याचं उत्तर पुन्हा त्याच वाटेनं उलटं जातं. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडला किंवा घरात कागदच नसला, तर वेळ आणखी वाढतो.

भारत आणि पाकिस्तान यांच्यात २१ मे २००८ रोजी एक करार झाला. त्यानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. नागरिकत्व पटलं आणि शिक्षा संपली, की एका महिन्यात सोडायचं असंही त्यात लिहिलं आहे. १ जुलै २०२५ च्या यादीनुसार पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार. २०१४ पासून २,६०० हून अधिक भारतीय मच्छीमार परतही आले आहेत. म्हणजे सुटका होते, पण ती दोन देशांच्या संबंधांवर टांगलेली असते. बोलणी सुरळीत असली की शेकड्यांनी सुटतात. मे २०२३ मध्ये एकाच वेळी १९८ जण वाघा–अटारीमार्गे परतले होते. संबंध बिघडले की याद्या येतात, माणसं येत नाहीत.

काहींच्या वाट्याला तर सुटकाच येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याजवळच्या समुद्रात एका भारतीय बोटीवर गोळीबार झाला आणि पालघर जिल्ह्यातला एक मच्छीमार मारला गेला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह घरी यायलाच सुमारे दीड महिना लागला.

मग पहारा नकोच का?

असं घाईनं ठरवू नका. नोव्हेंबर २००८ आठवा. तुमचा जन्म तेव्हा झालेला नसेल, पण आईबाबांना विचारा. मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी समुद्रातून आले. त्यांनी 'कुबेर' नावाची पोरबंदरची मासेमारी बोट बळकावली आणि तिच्या तांडेलाला व खलाशांना ठार केलं. म्हणजे पहारा ढिला पडला तेव्हा पहिला बळी गेला तो मच्छीमाराचाच! त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. पहारा हवाच. पण पहाऱ्यावरच्या माणसाला चोर आणि वाट चुकलेला यांतला फरक कळायला हवा की नको?

लोकांना काय वाटतं?

या विषयावर चार मोठी माणसं एकत्र आली की चार मतं ऐकू येतात.

पहिलं मत: नियम म्हणजे नियम. रेघ ओलांडली तर शिक्षा भोगावी. एकाला सूट दिली की त्याच्या आडून दहा जण येतील.

दुसरं मत: दोष खलाशाचा नाही, बोट पुढे नेणाऱ्याचा आणि नेऊ देणाऱ्याचा. शिक्षा करायचीच तर त्यांना करा.

तिसरं मत: सरकारनं आधी सीमा ठरवावी. रेघच नक्की नसेल तर ती ओलांडली कशावरून?

चौथं मत: गावातच पोटापुरतं काम मिळालं असतं, तर एवढ्या लांब कोण गेलं असतं?

गंमत अशी, की चारही मतांत थोडंथोडं खरं आहे. तुम्ही तुमचं मत ठरवा. पण त्याआधी एक छोटी परीक्षा द्या. 'डहाणूचा खलाशी' या शब्दांच्या जागी 'कराचीचा खलाशी' असं लिहून बघा. तोही उचल घेतलेला, त्याचीही आई दाराशी उभी, तोही कच्छजवळ पकडला जाऊन आपल्या तुरुंगात बसलेला. आता तुमचं मत बदललं का? बदललं असेल तर का, हे स्वतःलाच विचारा. डहाणूच्या माणसासाठी जो न्याय मागू, तो कराचीच्या माणसाला नाकारला तर त्याला न्याय कसा म्हणायचं?

वाट निघते का?

निघते की! भारत आणि बांगलादेश यांच्यातही समुद्राच्या सीमेचा वाद होता. तो हेगच्या लवादापुढे गेला. ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. वादातला बराच मोठा भाग बांगलादेशाला मिळाला, तरी भारतानं निकाल मानला. अर्थात रेघ ठरली म्हणून बोटी भरकटायच्या थांबत नाहीत. पण जानेवारी २०२५ मध्ये, दोन्ही देशांत कुरबुरी चालू असतानाही, ९५ भारतीय आणि ९० बांगलादेशी मच्छीमारांची अदलाबदल झाली.

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदाही आहे. तो म्हणतो की दोन देशांत तसा करार नसेल, तर आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ ते २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात, मासेमारीचा नियम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकू नये. जामिनावर बोट आणि माणसं लवकर सोडावीत. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) भारतानं हा कायदा १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्ताननं १९९७ मध्ये. दोघांनीही सही केली आहे, हे विशेष!

विज्ञानही मदतीला आलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली. देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवायची ही योजना आहे. संकटात बोटीवरून संदेश पाठवता येईल आणि सीमा जवळ आली की इशाराही मिळेल. म्हणजे न दिसणारी रेघ निदान यंत्राला तरी दिसेल. पण इशारा ऐकून बोट वळवायची की नाही, हे शेवटी माणसाच्याच हाती!

तुम्ही काय कराल?

तुमच्या घरातलं किंवा शेजारचं कुणी बोटीवर जात असेल, तर एक वही करा. तीत बोटीचं नाव आणि नंबर, मालकाचं नाव, तांडेलाचा फोन आणि निघाल्याची तारीख लिहा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि मच्छीमार ओळखपत्राच्या झेरॉक्स वहीत ठेवा. सगळ्या कागदांवर नाव सारखंच आहे ना, तेही तपासा. तपासाचा कागद दिल्लीहून पाड्यावर येतो, तेव्हा या वहीमुळे कित्येक दिवस वाचू शकतात.

आणि घरी किंवा वर्गात या विषयावर वाद रंगलाच, तर आधी प्रत्येकानं समोरच्याची बाजू त्याला पटेल अशी मांडून दाखवायची आणि मगच स्वतःची. पालकांनो, हा नियम तुम्हालाही लागू बरं का!